चार बोटं वाढलेला डोंगर

सन चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात गारळेवाडीचा बोडका डोंगर चार बोटांनी उंच झाला.

असं काही झालेलं नाही. तपासणीच्या वहीत तसा शब्द नाही, तालुक्याला खबर नाही, आणि खुद्द डोंगरानं याबाबत आजवर तोंड उघडलेलं नाही. तेव्हा वरचं वाक्य आपण वाचलंच नाही असं समजून वाचकांनी पुढं चालावं. जरा बघून चालावं. माती भुसभुशीत आहे.

तर, मानसिंग गुरुजी. वय बावीस, मुक्काम मूळचा कऱ्हाडजवळचं मलकापूर, नेमणूक माण तालुक्यातली गारळेवाडी, आणि नोकरी तात्पुरती. मलकापुरात घराच्या पाठीमागं ऊस, पुढं ऊस आणि मधे वडील. वडील म्हणजे लालासाहेब, फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांचं पत्र जूनमध्येच आलं होतं. पत्रात खुशालीची एक ओळ नव्हती.

"डिसेंबरात तपासणी आहे. शेरा चांगला पडला तर नोकरीत कायम होशील. नाही पडला तर जानेवारीत भरती आहे. तुझं नाव सांगून ठेवलं आहे. रोज सहा मैल पळत जा."

आता मानसिंग आणि पळणं! शाळेत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत तो एकदा दुसरा आला होता. त्या शर्यतीत दोघेच होते. सायकलची ट्यूब फुटली तरी तो खाली बसायचा. असा माणूस फौजेत गेला तर शत्रूची सोय होईल, हे त्याला स्वतःला मान्य होतं, वडिलांना नव्हतं. तेव्हा शेरा पाहिजे! चांगला पाहिजे! आणि डिसेंबरात पाहिजे!

चौथीच्या वर्गात त्यानं भूगोलाचा पाठ घेतला. हात पसरून, खिडकीतून दिसणाऱ्या बोडक्याकडं बोट दाखवून तो म्हणाला, "डोंगर झिजतात! ऊन, वारा आणि पाणी यांनी दगडाची माती होते, माती वाहून जाते, आणि आज जिथं डोंगर आहे तिथं एक दिवस सपाट माळ होईल!"

सुलीनं हात वर केला. सुली म्हणजे दगडाबाईची नात. वर्गातल्या निम्म्या शंका एकट्या तिला यायच्या.

"गुरुजी, बोडका कवापास्नं झिजतोय?"

"लाखो वर्षांपासून."

"मग अजून हाय कसा?"

"हळूहळू झिजतो गं."

"तुमी बघितलाय झिजताना?"

बावीस वर्षांच्या माणसाला लाखो वर्षांचा जाब विचारला तर तो काय सांगणार? मानसिंगनं खडू खाली ठेवला आणि घोषणा केली, "आपण सगळे बघू. डोळ्यांनी बघू!"

गावच्या लोहाराकडनं, अर्जुनाकडनं, त्यानं हातभर लांबीचे दहा खिळे करून घेतले. पोरांना घेऊन बोडक्याच्या उतारावर दहा जागी ते ठोकले. अगदी खिळ्याचं डोकं जमिनीच्या बरोबरीला येईपर्यंत! माती वाहून गेली की खिळा तेवढा उघडा पडणार. जेवढा उघडा, तेवढा डोंगर झिजला. मोजायला फूटपट्टी नव्हती, म्हणून सुलीचं बोट हे अधिकृत माप ठरलं. मोजायचं तिनं, वहीत लिहायचं तिनं आणि खाली सहीही तिनंच करायची.

"येऊ देत साहेब डिसेंबरात," मानसिंग आरशात बघून म्हणाला. "असा पाठ त्यांनी उभ्या जिल्ह्यात बघितला नसेल!"

हे मात्र अक्षरशः खरं ठरलं.

माणात पाऊस येतो तो उभ्याउभ्या आलेल्या पाहुण्यासारखा. चहाला थांबत नाही. पण त्या साली सप्टेंबरात तो जरा टेकला. ओढा तांबडा होऊन धावला. आणि खिळे उघडे पडले! पहिला दोन बोटं, तिसरा दीड, आणि घळीतला सातवा तर चांगला चार बोटं! सुलीनं बोटं लावली, लिहिलं, सही केली. मानसिंगला इतका आनंद झाला की तो चार पावलं पळालासुद्धा.

डिसेंबरातल्या शुक्रवारी तालुक्याहून चिठ्ठी आली : सोमवारी विस्तार अधिकारी कुंटे साहेब तपासणीस येत आहेत. मानसिंग ती फडकवत सरपंच आप्पासोंच्या दारात गेला.

"साहेब येणार! आणि नुसती शाळा नाही, मी त्यांना डोंगरसुद्धा दाखवणार!"

आप्पासो तंबाखू मळत होते. अंगठा थांबला.

"डोंगर? त्यो कशाला?"

"किती माती गेली ते बघायला! दहा ठिकाणी खुणा केल्यात. सगळं लेखी आहे!"

"लेखी?"

"सहीसकट!"

"आन... किती गेलीया म्हनता?"

"सगळा उतार धरला तर हजार गाड्या कुठं गेल्या नाहीत!"

आप्पासोंनी सावकाश मान वर केली आणि स्वतःच्या घराच्या छपराकडं बघितलं. मग तंबाखू न खाताच हात झटकले.

"कुटं गेली म्हनायची ही माती?"

"ओढ्यातनं माणगंगेत. तिथनं खाली आटपाडीकडं."

"म्हंजी सांगली जिल्ह्यात?"

"व्हय की!"

"कुनाला न इचारता?"

मानसिंगला वाटलं, सरपंच विनोद करताहेत. तो मनापासून हसला आणि शनिवारच्या एसटीनं पृथ्वीचा नकाशा आणायला दहिवडीला निघून गेला. रविवारी वाडीला एसटी नसे, तेव्हा परतणार तो सोमवारीच. इथंच घोटाळा झाला.

कारण आप्पासो विनोद करत नव्हते. गारळेवाडीत कुणीच करत नव्हतं. बाहत्तरच्या दुष्काळात सगळी वाडी दोन वर्षं सरकारी कामावर माती खणत होती. तिथली रीत अशी, की खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच राखायचा. खुंटाचं डोकं म्हणजे मूळची जमीन. मग ओव्हरसियर येणार, खुंटाला टेप लावणार आणि किती माती निघाली ते ठरवून तेवढी मजुरी देणार. दोन वर्षांत गावाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती : सरकारनं जमिनीत खूण ठेवली म्हणजे साहेब मापाला येणार, आणि माप घेतलं म्हणजे माती कुणी नेली हे विचारणार.

आणि गुरुजींचे खिळे म्हणजे दुसरं काय? लोखंडाचे खुंट! मानसिंगचा पाठ साऱ्या गावाला समजला होता. फारच समजला होता.

त्यात माती खरोखरच नेलेली! वाडीतली सगळी घरं माळवदाची. दर उन्हाळ्यात बोडक्याच्या पायथ्याची पांढरी माती आणून छपरावर पसरायची, म्हणजे घर गळत नाही. आज्यानं आणली, बापानं आणली, यंदाही आणली. गावातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर चोरीचा माल होता, आणि तो त्याखालीच निजत होता.

दगडाबाईनं नातीला पुढ्यात बसवलं. दगडाबाई दुष्काळी कामावर टोळीची मुकादम होती. खुंटाच्या डोक्यावर वीतभर माती चढवून, वर हरळी लावून, खुंट जन्मापासून तेवढाच उंच आहे असं ओव्हरसियरला पटवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"सुले, वहीत काय लिवलंस?"

"डोंगर चार बोटं गेला."

"कुनी नेला?"

"पान्यानं."

"पान्याचं नाव लिवलंय?"

"न्हाई."

"मग कुनाचं लिवलंय?"

"माजं. सई हाय माजी."

दगडाबाई उठलीच! शनिवारी संध्याकाळी चावडीवर माणसं जमली.

"पोरगी अडाकली," दगडाबाई म्हणाली. "परवा साहेब तिला इचारील, चार बोटं डोंगर कुटं हाय, तर ती काय परकराच्या ओच्यातनं काढून देनार हाय?"

"मग करायचं काय, आत्ती?" आप्पासो म्हणाले.

"न्हेली ती परत टाकायची. खिळं झाकलं पायजेत."

"आन एवढी माती आनायची कुटनं?"

"जितं न्हेली तितनं."

सगळ्यांनी वर बघितलं.

"आवं, पर घरं गळतील की!" अर्जुना लोहार म्हणाला.

"डिसेंबरात कुटला आलाय रं पाऊस?"

रविवारी तांबडं फुटल्यापासून गारळेवाडीची माणसं शिड्या लावून आपापल्या घरावर चढली. पाट्या भरल्या, डोक्यावर घेतल्या आणि रांगेनं बोडक्यावर नेऊन ओतल्या. दुष्काळी कामावर माणसं अशी राबली असती तर ओव्हरसियर रडला असता. दिवस मावळेपर्यंत सारं गाव चार बोटं बुटकं झालं आणि डोंगर तेवढा उंच.

अर्थात हे झालेलं नाही, हे वर सांगितलेलंच आहे.

सोमवारी सकाळच्या एसटीत मानसिंग नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता, आणि शेजारी कुंटे साहेब. साहेबांनी आजवर कुणाला चांगला शेरा दिलेला नव्हता. एका गुरुजीला 'ठीक' दिला होता. तो सत्कार करून घेतो म्हणत होता. खिशात ते घडीची पोलादी पट्टी बाळगत.

"मी ऐकीव लिहीत नाही," साहेब म्हणाले. "डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहितो."

"तेच तर दाखवतो, साहेब!" मानसिंग म्हणाला. "झिजलेला डोंगर! बोट लावून बघा!"

वर्गात सगळं सुरळीत झालं. "डोंगर कशानं झिजतो?" साहेबांनी विचारलं. "ऊन, वारा, पाणी!" पोरांनी छप्पर हादरवलं. छपरातनं थोडी माती साहेबांच्या टोपीवर पडली. छप्पर असं हलकं का वाटतंय, हा विचार मानसिंगच्या मनात आला आणि गेला. साहेबांच्या ओठाची एक कड वर सरकली. चांगल्या शेऱ्याची सुरुवात अशीच होत असावी!

"चला, प्रात्यक्षिक," साहेब म्हणाले.

बोडक्याच्या पायथ्याशी अख्खं गाव उभं होतं. मेंढरंसुद्धा गप्प होती. बायांच्या पायाशी धुतलेल्या पाट्या पालथ्या वाळत होत्या. मानसिंगनं हसून हात केला. कुणीही हात वर केला नाही.

पहिल्या खिळ्याची जागा आली. खिळा नव्हता.

"इथंच आहे, साहेब." मानसिंग वाकला. "एक मिनिट."

एक मिनिट झालं. दुसरं झालं. खिळा नव्हता.

"दुसरा बघू," साहेब म्हणाले.

दुसरा नव्हता. तिसरा नव्हता. मानसिंगच्या कानात कुठंतरी परेडची शिट्टी वाजायला लागली. तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी उकरायला लागला, हाडूक पुरून विसरलेल्या कुत्र्यासारखा!

"सापडला!" तो ओरडला.

मातीच्या आत, खोल खड्ड्यात, खिळ्याचं डोकं लाजून बसलं होतं. साहेबांनी घडीची पट्टी उघडली, खड्ड्यात उभी केली आणि वाचली. मग चौथा खिळा उकरला, तोही मोजला. सातव्या खिळ्यावर तर हरळी लावलेली होती आणि तिच्यावर शेळीच्या लेंड्या पडल्या होत्या. त्या बरोबर एका ओळीत होत्या. दगडाबाईनं मान खाली घातली. कारागिराला आपलं काम ओळखू येतं.

"गुरुजी," साहेब म्हणाले, "तुमच्या वहीत हा खिळा चार बोटं वर आहे."

"व्हय, साहेब. म्हणजे, होय."

"प्रत्यक्षात चार बोटं खाली आहे."

"होय, साहेब."

"मी काय समजायचं?"

बुडता माणूस काडीला हात घालतो. मानसिंगनं हिमालयाला घातला. "साहेब, काही डोंगर वाढतातसुद्धा! हिमालय आहे, तो दरवर्षी..."

साहेबांनी खड्ड्यातली चिमूटभर माती उचलली आणि तळहातावर पसरली. "हिमालय एका पावसाळ्यात चार बोटं वाढत नाही. आणि त्याच्या मातीत विडीचं थोटूक नसतं." त्यांनी माती हुंगली. "ही चुलीच्या धुरातली माती आहे!"

मानसिंगला आता पहिल्यांदाच खाली वसलेल्या गावाकडं नीट बघायचं सुचलं. छपरं खरवडलेली! एकूण एक! त्याला सगळं एकदम कळलं आणि त्याचे पाय जागच्या जागी पळायला लागले.

साहेबांनी सुलीला पुढं बोलावलं. "तू मोजलंस ना? मग खरं सांग. डोंगर कशानं वाढतो?"

सुलीनं आजीकडं बघितलं, गुरुजींकडं बघितलं. खोटं लिहायचं नाही, असं गुरुजींनीच शिकवलं होतं.

"पाटीनं, साहेब!"

बोडक्यावर इतकी शांतता पसरली की झिजण्याचा आवाज यावा. मग दगडाबाई पुढं आली.

"आवं साहेब, पोरीला काय करू नगा. तिनं निस्ती सई केली. माती आमी न्हेली हुती घरावर टाकाय, ती काल परत आनून टाकलीया. मोजून घ्या. ऱ्हायली ती सांगलीवाल्यांकडं गेलीया, त्येंच्याकडनं वसूल करा!"

"हे कुणाच्या हुकमानं केलंत?" साहेबांनी विचारलं.

सगळ्या गावानं आदरानं मानसिंगकडं बघितलं.

"गुरुजींच्या वहीवरनं," आप्पासो म्हणाले. "लई हुशार हायती. एक बोट इकडं-तिकडं होऊ दिलं न्हाई."

संपलं! मानसिंगनं डोळे मिटले. जानेवारी, भरती, सहा मैल, पुढं वडील, मागं वडील! साहेब एका धोंड्यावर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं ठसका लागला. कुणीतरी पाण्याचा तांब्या धरला. साहेबांनी पाणी प्यायलं, डोळे पुसले आणि शेऱ्याची वही उघडली.

डोंगर वाढला असं लिहावं, तर जिल्ह्याचे साहेब विचारणार, कसा? गावानं वाढवला असं लिहावं, तर विचारणार, कुणाच्या मंजुरीनं? साहेबांचा पेन बराच वेळ हवेत राहिला. तेवढ्यात मानसिंग मनातल्या मनात कऱ्हाडपर्यंत पळून आला. शेवटी साहेबांनी लिहिलं, आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहिलं :

"डोंगर पाहिला. जागेवर आहे. भूपृष्ठ कसे बदलते हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे; ग्रामस्थांना त्याहून अधिक. गुरुजींस कायम करण्यास हरकत नाही. मात्र त्यांस याच गावी ठेवावे. इतर गावच्या डोंगरांची जबाबदारी हे कार्यालय घेऊ शकत नाही."

कायम! मानसिंगनं वडिलांना तार केली. वडिलांची उलट तार आली : "पळणं सोडू नकोस."

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण आठच दिवसांनी, भर दुपारी, डिसेंबरात, माणात, पाऊस आला! आणि या वेळी चहाला थांबला, जेवलासुद्धा! गारळेवाडीतलं एक घर गळायचं राहिलं नाही. माणसं घरात छत्री धरून बसली. मानसिंग शाळेत टेबलाखाली, पृथ्वीच्या नकाशावर पाणी पडू नये म्हणून तो पोटाशी धरून बसला. आणि बोडक्यावरनं पांढरंशुभ्र पाणी खळाळत ओढ्यात उतरलं, ओढ्यातनं माणगंगेला, माणगंगेतनं खाली.

पाऊस उघडल्यावर सुली धावत आली. "गुरुजी, समदं खिळं वर आलं! सातवा साडेचार बोटं! आता झिजला बगा!"

पाठ सिद्ध झाला होता. बघायला साहेब नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात गाव उभं होतं, अंगावर ओली घोंगडी घेऊन. पुढं आप्पासो, त्यांच्याहून पुढं दगडाबाई.

"गुरुजी, तुमी आता कायम झालासा," आप्पासो म्हणाले. "तवा कायमचं काम करा. डोंगराची गेली ती गेली, आता आमच्या घराचीबी गेली! ग्रामसभेनं ठराव केलाय. अर्ज लिवा."

"अहो, पण माती अशी परत..."

"तुमीच सांगिटलंय न्हवं, कुटनं कुटं गेली?" दगडाबाई म्हणाली. "लिवा!"

मानसिंगनं दौत उघडली. अक्षर त्याचं सुरेख होतं, त्यामुळे अर्ज वाचायला त्रास पडला नसावा :

"मा. जिल्हाधिकारीसाहेब, सांगली, यांस. अर्जदार मौजे गारळेवाडी, तालुका माण, जिल्हा सातारा येथील समस्त ग्रामस्थ. विषय : डोंगराची माती परत मिळणेबाबत. महोदय, आमच्या बोडक्या डोंगराची मौल्यवान माती, तसेच आमच्या घरांची छपरे, माणगंगा नदीमार्फत विनापरवाना आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत आलेली आहेत. किती आली याची सहीनिशी नोंद आमच्याकडे आहे. ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने मुद्दाम केली असे आमचे म्हणणे नाही. उतार तिकडे आहे. तरी सदर माती आपल्या शेतकऱ्यांकडून गोळा करून, मूळ ठिकाणी व मूळ उंचीवर, येत्या पावसाळ्यापूर्वी परत पाठवावी आणि खिळ्यांची डोकी बुजल्याची पोच इयत्ता चौथीकडून घ्यावी, ही विनंती. माती ओळखता यावी म्हणून चिमूटभर नमुना सोबत पाकिटात जोडला आहे. काम झाल्यावर तोही परत करावा."